दहावा माणूस: कोकणातल्या ज्यू मंडळींनी पुरोहिताशिवाय धर्म कसा जपला

अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. ते 1848 साली उभं राहिलं. आज दिसते ती इमारत 1910 ची. रेवदंडा, पेण, पनवेल इथेही एकोणिसाव्या शतकातली सिनेगॉग आहेत. एके काळी या गावांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या समाजाची भरपूर घरं होती, आता मोजकीच उरली आहेत. अशा गावात शनिवारी सकाळी प्रार्थनेला लोक जमतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, दहा झाले का?

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. या दहा जणांच्या जमावाला ‘मिन्यान’ म्हणतात. त्यातही गंमत अशी की माणसं एक, दोन, तीन अशी आकड्यांनी मोजू नयेत, असा जुना संकेत आहे. मग मोजायचं कसं? स्तोत्रसंहितेत एक ओळ आहे, ‘होशिया एत अम्मेखा’ने सुरू होणारी, ‘तुझ्या लोकांचं रक्षण कर’ अशा अर्थाची. मूळ हिब्रूत तिचे बरोबर दहा शब्द आहेत. एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली की मिन्यान झालं.

नऊच जमले तर? प्रार्थना अडत नाही. प्रत्येकाने आपापली म्हणायची, स्तोत्रं म्हणायची, छापील पुस्तकातून त्या आठवड्याचा भाग वाचायचा. पण काही गोष्टी थांबतात. पवित्र कपाटातली तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढून तिचं विधिपूर्वक जाहीर वाचन करता येत नाही. आणि ‘कद्दिश’ म्हणता येत नाही.

या कद्दिशकडे नीट पाहिलं तर छोटी ज्यू मंडळी कशी टिकते ते कळायला लागतं. कद्दिश ही आई-वडील गेल्यावर मुलाने म्हणायची प्रार्थना. ती अरामी भाषेत आहे आणि तिच्यात मृत्यूचा, मृताचा शब्दानेही उल्लेख नाही, सगळी देवाचीच स्तुती आहे. साधारण अकरा महिने ती म्हणायची आणि पुढे दर वर्षी पुण्यतिथीला. पण घरात एकट्याने बसून म्हणता येत नाही. दहा जणांत उभं राहून म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. म्हणजे ज्याच्या घरात नुकतं कोणी गेलेलं आहे, त्यालाच घराबाहेर पडून माणसं गोळा करावी लागतात. आणि बाकीच्यांनाही घरी बसून चालत नाही, कारण आपण गेलो नाही तर त्याची प्रार्थना राहते. सुतकाचे पहिले सात दिवस तर मंडळीच त्या घरी येतात, जेवण बाहेरून येतं आणि तिथेच प्रार्थना होते. दुःखातल्या माणसाला एकटं सोडू नका, असं सांगणारे धर्म पुष्कळ आहेत. इथे तशी व्यवस्थाच करून ठेवली आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

या व्यवस्थेत पुरोहिताचं पान कुठेच अडत नाही. दहा माणसं जमली आणि त्यांतल्या एकाला नीट वाचता येत असेल तर पूर्ण प्रार्थना होऊ शकते. रब्बाय हा मुळात धर्मशास्त्राचा जाणकार शिक्षक. तो असला तर चांगलंच, पण त्याच्यावाचून प्रार्थनेचं काही अडत नाही. बेने इस्रायल समाजात रब्बायांची परंपरा नव्हतीच. कोहेन म्हणजे प्राचीन मंदिराच्या याजकांचे वंशज; परंपरेनुसार तेही या समाजात नाहीत. तरीही शनिवार विश्रांतीचा दिवस म्हणून पाळला गेला, आठव्या दिवशी सुंता होत राहिली, खवल्यांची मासळी आणि बिनखवल्यांची मासळी वेगळी राहिली. बेने इस्रायलांची गोष्ट निघाली की आपण नवगावजवळ फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेली सात जोडपी आणि ‘शनवार तेली’ एवढं सांगून थांबतो. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पोथी नाही, शिक्षक नाही, इतर ज्यूंशी संपर्क नाही, मग ही मंडळी धर्म शिकली कुठून?

जहाजाची कथा समाजाच्या स्मरणातली आहे. वादळात सगळं सामान बुडालं, त्यात धर्मग्रंथही गेले, वाचलेल्यांनी कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर वस्ती केली आणि तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. गावांवरून आडनावं आली: पेझारी गावचे पेझारकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. भाषा मराठी झाली, नेसण साडीचं झालं. हिब्रूतलं एकच वाक्य तोंडात राहिलं: ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद’. हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे. बारसं असो, लग्न असो, मयत असो, हीच ओळ म्हटली जाई. दुसरी येत नव्हती.

एवढ्याशा शिदोरीवर धर्म टिकला याचं कारण तो बराचसा स्वयंपाकघरात होता. बेने इस्रायल घरातली पोर वाचायला शिकायच्या आधी कोळणीच्या पाटीतलं काय घ्यायचं ते शिकायची. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या नाही. खवलं आणि पर असलेला मासा चालतो. मटणाबरोबर दूध-दही-तूप नाही, म्हणून रस्सा दाट करायचा तो नारळाच्या दुधाने. गव्हाच्या चिकाचा हलवा नव्या वर्षाच्या सणाला करायचा, तोही नारळाच्या दुधातच, म्हणजे मांसाहारी जेवणानंतर बिनघोर खाता येतो. कोकणात नारळ दारातच असल्यामुळे हा नियम पाळणं जड गेलं नाही, उलट त्यातून एक अख्खी पाकपरंपरा तयार झाली.

आणि नेमका हाच मासा त्यांच्या ओळखीचा पुरावा ठरला, असं परंपरा सांगते. दावीद राहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांकडे खवल्यांची आणि बिनखवल्यांची अशी मिसळ मासळी रांधायला दिली. त्यांनी बिनखवल्यांची वेगळी काढली आणि ‘ही आम्ही खात नाही’ म्हणून सांगितलं. राहाबीची खात्री पटली. तो कधी आला याबद्दल मतभेद आहेत: समाजातले काही त्याला कित्येक शतकं मागे नेतात, तर काही इतिहासकारांच्या मते तो अठराव्या शतकात कोचीनच्या राहाबी घराण्यातला कोणीतरी असावा. पण गोष्टीतला मुद्दा तारखेचा नाही. परीक्षा बायकांची झाली, स्वयंपाकघरात झाली, आणि त्या तीत उतरल्या. पुरुषांना विचारलं असतं तर त्यांच्याकडे त्या एका ओळीपलीकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

राहाबीने तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना धर्मविधी शिकवले: झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना ‘काजी’ म्हणत. ते गावोगाव फिरून सुंता, लग्न, अंत्यविधी करत आणि तंटेही सोडवत. वस्ती विखुरलेली, म्हणून शिक्षकच फिरता. शिवाय प्रत्येक गावात मुकादम असे, समाजाचा पुढारी. त्याच्या जोडीला चौगुला, हिशेब सांभाळणारा गब्बाई. कोकणातल्या कोणत्याही गावकीत असावी तशीच ही रचना होती आणि नावंही बरीचशी गावकीचीच.

पुढचा मोठा टप्पा मुंबईत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी असलेल्या सामुएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मांडवी भागात ‘शार हारहमीम’ हे बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल फेडलेला तो नवस होता, असं समाजात सांगतात. सिनेगॉगला तेव्हा सगळे मशीदच म्हणत, ही झाली ‘जुनी मशीद’. जवळचं मस्जिद स्टेशन या मशिदीवरून ओळखलं जाऊ लागलं असं मानतात. लोकलने रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

सिनेगॉग झालं, पण आत म्हणायचं काय? इथे कोचीनच्या ज्यूंनी हात दिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथून शिक्षक आणि हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, मुंबईला आले. त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी 1856 मध्ये वारले तोवर मुंबईत शिकवत राहिले. प्रार्थनेचा क्रम, चाली, हिब्रू उच्चार, सणांची पंचांगाप्रमाणे मांडणी, सगळं हळूहळू बसलं. हनुक्का हा दिव्यांचा सण बेने इस्रायलांना आधी माहीतच नव्हता. तो ज्या घटनेची आठवण करतो ती घडण्यापूर्वीच आपले पूर्वज तिकडून निघाले होते, असं समाजात सांगतात. नव्या शिक्षणाबरोबर तोही घरात आला.

दुसरी मदत अगदी अनपेक्षित दिशेने आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढल्या, बायबलचा जुना करार मराठीत दिला, आणि जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, पुस्तकं घेतली, आणि आपल्याच धर्मात पाय आणखी घट्ट रोवले; बाटलेले फार थोडे. आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी समाजाने पहिल्यांदा सविस्तर वाचल्या त्या मराठीत. आपल्या पूर्वजांचा इतिहास आपल्याच बोलीत समोर आल्यावर त्या घरांत काय वाटलं असेल, याची कल्पना करून मला आजही भरून येतं.

मग समाजाने स्वतःच छापायला घेतलं. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायची ‘हगादा’, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेची कहाणी, 1846 साली मुंबईत हिब्रू-मराठीत निघाली. 1874 मध्ये पुण्याला सचित्र हगादा छापली गेली. तिच्यातली चित्रं युरोपातल्या जुन्या हगादांवरून घेतलेली आहेत, पण सण साजरा करणाऱ्या बायका साडीत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेत चाळीसेक वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांनी वीसहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सामुएल किहीमकर यांनी 1875 मध्ये समाजाची शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. आज तिथली बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत.

छापील पुस्तक मात्र वाचता येणाऱ्यासाठी. बाकीच्यांचं काय? तिथे कीर्तन आलं. मुंबईतल्या काही बेने इस्रायल तरुणांनी हिंदू कीर्तनं ऐकली होती. एका माणसाने उभं राहून एक आख्यान दोन-तीन तास रंगवायचं, मध्ये साकी-दिंडी-ओवी, श्रोते हलत नाहीत. हे आपल्या कथांना का लावू नये? 1880 च्या सुमारास त्यांनी मंडळ काढलं आणि योसेफाला विहिरीत टाकणारे भाऊ, मिसरातला मोशे, राणी एस्तेर, संदेष्टा एलियाहू यांची आख्यानं मराठी छंदांत बांधली. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यांतले नावाजलेले कीर्तनकार. लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्यांनाही बायबल मुखोद्गत होऊ लागलं ते यामुळे. त्यांतली काही पदं मुंबईत आणि इस्राएलमध्ये स्त्रियांचे गट अजून गातात. दुसऱ्यांच्या परंपरेतलं साधन उचललं आणि स्वतःच्या श्रद्धेला तसूभर धक्का लागू दिला नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आता सिनेगॉगच्या आत शिकणं कसं चालतं ते पाहू. कोकणातलं कोणतंही सिनेगॉग घेतलं तर पवित्र कपाट, ‘हेखाल’, पश्चिमेच्या भिंतीत असतं, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. त्यासमोर अखंड दिवा. मध्यभागी कठडा असलेला उंच चौथरा, ‘तेबा’. वाचणारा तिथे उभा राहतो, म्हणजे लोकांच्या मधोमध. स्त्रिया बहुधा वरच्या सज्ज्यात. एक उंच खुर्ची रिकामी असते, ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे संदेष्टा एलियाहूची. सुंतेच्या वेळी बाळाला आधी तिच्यावर ठेवतात.

कपाटात सेफेर तोरा: चामड्याच्या पत्र्यांवर टाकाने हाताने लिहिलेली गुंडाळी. मोशेचे पाच ग्रंथ, परंपरेच्या मोजणीनुसार 3,04,805 अक्षरं. एखादं अक्षर चुकलं किंवा पुसलं गेलं तर दुरुस्त होईतो ती वाचनाला चालत नाही. हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनंच लिहितात; स्वरांच्या खुणा आणि चालीच्या खुणा छापील पुस्तकात असतात, गुंडाळीत नसतात. म्हणून वाचणाऱ्याला आठवडाभर छापील पुस्तकावरून तयारी करावी लागते आणि शनिवारी त्या खुणांशिवाय सुरात वाचावं लागतं. अक्षरांना बोट लावायचं नाही. चांदीच्या छोट्या हाताच्या आकाराच्या काडीने ओळ दाखवायची. चुकला तर ऐकणारे तिथल्या तिथे दुरुस्त करतात आणि तो शब्द पुन्हा वाचावा लागतो.

म्हणजे ऐकणाऱ्यांनाही पाठ हवाच. त्यांना कोणी प्रवचन द्यायचं नसतं. त्यांनी समोर पुस्तक उघडून वाचणाऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं. तोराचे 54 भाग पाडले आहेत, दर आठवड्याला एक, कधी दोन, आणि वर्षात अख्खी तोरा संपते. शरदातल्या सणांच्या शेवटी सिमहाथ तोराच्या दिवशी शेवटचा भाग वाचतात आणि लगेच, त्याच बैठकीत, ‘प्रारंभी’ने पुन्हा सुरुवात करतात. मध्ये एक दिवसही खंड नाही. शनिवारी सात जणांना एकामागून एक तोरापाशी बोलावतात. मोठा, धाकटा, डॉक्टर, कारकून, कोणीही. त्याने आशीर्वचन म्हणायचं आणि वाचन आपल्या नावावर घ्यायचं. सणासुदीला या मानासाठी बोली लागते आणि त्यातून सिनेगॉगचा खर्च निघतो. त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, म्हणून रक्कम सण उतरल्यावर पोचती होते.

दहा-बारा जणांच्या मंडळीत सात मान असले की कोणालाच मागे बसता येत नाही. मोठ्या शहरातल्या शेकडोंच्या सभेत न शिकताही निभावून जातं, इथे नाही. हज्जान आजारी पडला तर दुसऱ्याला पुढे व्हावं लागतं. प्रार्थना चालवणारा, धार्मिक रीतीने कोंबडी-बकरा कापणारा शोहेत, पोरांना अक्षरं शिकवणारा, ही कामं छोट्या गावात पुष्कळदा एकाच माणसाकडे असतात. शोहेत नसेल तर महिनोन् महिने मासे आणि भाज्यांवर निभावतात.

या गणितात तेरा वर्षांच्या मुलाचं मोल काय ते सांगायला नको. बार मित्झ्वा म्हणजे मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याचा दिवस. तो महिनोन् महिने तयारी करतो: डाव्या दंडावर आणि कपाळावर तेफिलीन, म्हणजे वचनं भरलेल्या चामड्याच्या डब्या, बांधायला शिकतो, तोरापाशी म्हणायचं आशीर्वचन पाठ करतो, संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा चालीत बसवतो. पुष्कळदा हिब्रू देवनागरीत लिहून घेतलेलं असतं. त्या शनिवारपासून तो मोजणीत येतो. आजवर नऊ मोठ्यांत तो धरला जात नव्हता, आता त्याच्यामुळे मिन्यान होतं. मुंबईत शिकायला गेलेला असा एखादा मुलगा सणाला गावी आला की सगळ्यांना आनंद होतो, तो नुसता मायेपोटी नाही.

प्रार्थना संपली की बेने इस्रायलांची एक खास रीत आहे. हज्जान किंवा ज्येष्ठ माणूस आपले जोडलेले हात शेजाऱ्याच्या हातांत देतो, मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. ते हात पुढच्याकडे जातात, वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांपर्यंत. कोणी सुटता कामा नये.

घरातलं शिक्षण शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं. सूर्य मावळायच्या आत बाई दिवे लावते. जेवणाआधी ‘किद्दूश’ म्हणायचं, त्यासाठी द्राक्षाचं पेय लागतं. नियमाला धरून केलेली वाइन कोकणात मिळणार कुठून? मग काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालायच्या, चांगल्या फुगल्या की हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. तांबूस, गोडसर शरबत तयार होतं. मनुका शेवटी द्राक्षंच, त्यामुळे ‘द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या’ देवाचा आशीर्वाद या शरबतालाही लागू पडतो. तिथून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, व्यवहार करायचा नाही. जेवण आदल्या दिवशीच रांधलेलं.

आणि मलिदा. हा खास बेने इस्रायलांचा विधी; इतर देशांतल्या ज्यूंना पाहायला मिळत नाही. नवस फेडायचा असो, लग्न ठरो, नोकरी लागो, आजारातून उठणं असो, मलिदा करायचा. पोहे भिजवून त्यांत गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलदोडा, सुका मेवा घालतात. ताटात पोह्यांचा ढीग आणि भोवती पाच तऱ्हेची फळं. एलियाहू हन्नबीचं गीत म्हणतात, आशीर्वचनांची मालिका म्हणतात, मग ताटातल्या एकेका पदार्थावर त्याचा त्याचा आशीर्वाद: झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतून येणाऱ्याला वेगळा, धान्याच्या पदार्थाला वेगळा, सुवासिक पानाला वेगळा. वरून पाहणाऱ्याला हा प्रसादाचा कार्यक्रम वाटेल. पण पोरांसाठी ही चांगली शिकवणीच आहे. केळं कोणत्या आशीर्वादात मोडतं आणि खजूर कोणत्या, हे तिथे बसलेलं पाच वर्षांचं पोर न शिकवता शिकतं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाची, घोड्याच्या टापेची खूण आहे अशी श्रद्धा आहे. झाडांच्या नववर्षाला, ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, तिथे लोक जातात आणि मलिदा करतात.

स्त्रियांचा प्रश्न टाळता येणार नाही. घरातला सगळा धर्म ज्यांनी सांभाळला त्या मिन्यानच्या मोजणीत येत नाहीत. परंपरा मानणारी सिनेगॉग आजही हाच नियम पाळतात. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापन झाली, तिचं सिनेगॉग ‘रोदेफ शालोम’, उदारमतवादी पंथाचं. झिराड या कामा हॉस्पिटलच्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, 1966 च्या पद्मश्री. माझं मत विचाराल तर मासळीच्या ज्या परीक्षेने हा समाज ओळखला गेला ती आठवली की बायकांना मोजणीबाहेर ठेवणं पटत नाही. पण हा निर्णय त्या मंडळीचा आहे, बाहेरच्याने ठरवायचा नाही, हेही तितकंच खरं.

1950 च्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गावांत त्यांची वस्ती आहे, मराठी बोलणारे अजून आहेत. सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बायांनी या समाजाच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला. शतकानुशतकं ‘शेमा’ जपलेल्या माणसांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. त्यांनी धरणं धरलं, निदर्शनं केली, आणि 1964 मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. भारतात आता काही हजार ज्यू उरले आहेत, त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाणे परिसरात. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याने विवाहनोंदणी आणि शिक्षणसंस्था चालवणं सोपं होईल अशी अपेक्षा होती.

संख्या घटली की आधी काय अडतं ते आता लक्षात आलं असेल. इमारत अडत नाही, ती डागडुजी करून उभी राहते. वाचणारा मिळेनासा होतो, मोजणी पुरी होईनाशी होते. म्हणून कोकणातली बरीच सिनेगॉग आता सणांना, लग्नांना आणि मुंबई-ठाण्याहून ठरवून आलेल्या गटांसाठी जागी होतात. ठाण्याचं ‘शार हाशामाईम’ (1879) किंवा पुण्यातल्या रास्ता पेठेतलं ‘सुक्कथ शेलोमो’ इथे अजून नियमित प्रार्थना करणारी मंडळी आहे.

पाहायला जायचं असेल तर आधी विश्वस्तांना किंवा तिथल्या राखणदाराला विचारून जावं. मुंबईत तर सुरक्षेमुळे ओळखपत्र आणि परवानगी लागते. पुरुषांनी डोकं झाकावं. शनिवारी आणि सणाला फोन, कॅमेरा, वही-पेन काहीच काढू नये, कारण त्या दिवशी तिथे कोणीच लिहीत नाही आणि विजेचं बटणही दाबत नाही. कपाटातली गुंडाळी बाहेर आली की सगळे उभे राहतात, तेव्हा आपणही उभं राहावं. आणि वाचन चालू असताना गाइडला प्रश्न विचारू नयेत. सगळं संपल्यावर एखाद्या ज्येष्ठाला मराठीतच विचारावं.